मदत हवी आहे: गोठ्यातल्या चाटण विटेवर सांबरं येतात

आमचं रान कडेगाव तालुक्यात, सागरेश्वर अभयारण्याला लागून. गाईंसाठी दावणीला खनिज मिश्रणाची चाटण वीट टांगलेली असते. हल्ली रात्री सांबरं तीच चाटायला येतात. सकाळी वीट एका अंगानं गुळगुळीत झिजलेली, खाली खुरांचे ठसे. चाटून झालं की शेजारच्या हरभऱ्यात घुसतात.

वीट रात्री आत घेतली, तर खालची खारवलेली माती चाटायला लागली. माती काढून नवा मुरूम टाकला, तरी फेरी चुकत नाही. दिव्याला थोडे दिवस बिचकली, पुन्हा हजर.

रानाच्या टोकाला मीठ ठेवून तिकडं वळवा, असं काहीजण म्हणतात. ते करणार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आमिष दाखवणंही शिकारीत मोडतं. वीजतार, फटाकेही नकोत; मुक्या जिवाला क्षार लागतातच. मोठी काळजी लाळ्या-खुरकुताची. गाईंना लस दिलीय, पण लाळ एकाच विटेवर पडते.

वनखात्याला अर्ज करून अभयारण्याच्या आत, पाणवठ्याजवळ चाटण ठेवून घेतल्यावर कुणाच्या गोठ्यावरची सांबरांची ये-जा खरंच थांबली का? आणि तोवर त्या खारट जागेचं नेमकं काय करावं?