विषय: सणाचे खाऊचे डबे (दूध, अंडं, गहू, दाणे, तीळ आणि साखर वगळून)

शनिवार, सकाळी १०:२०

नमस्कार मंडळी,

सणाची भेट म्हणून १२ घरी ओव्हनमध्ये भाजलेल्या खाऊचे डबे द्यायचे ठरलंय. प्रत्येक घरी काय चालत नाही ते विचारून यादी एकत्र केली, ती अशी: दूध, अंडं, शेंगदाणे, बदाम-काजू-अक्रोड वगैरे सगळा कवचाचा सुकामेवा, तीळ. एका घरी सेलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हा-जवातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते, म्हणून गहू, जव, राय (गव्हासारखं धान्य) बंद. डबा पूर्ण व्हीगन हवा, त्यामुळे मधही बाद. गोडीसाठी खजूर किंवा मेपल सिरप वापरायचं आहे.

दोन ठिकाणी गाडं अडलंय. सूर्यफुलाच्या बियांच्या बटरची बिस्किटं ओव्हनमधून छान तपकिरी निघतात, पण दुसऱ्या दिवशी मोडली की आतून हिरवी दिसतात. बुरशी आहे का? १२० ग्रॅम बटरला १ छोटा चमचा सोडा घातला होता. दुसरं म्हणजे खजुराची बिस्किटं डब्यात एका रात्रीत सादळतात. जाणकारांनी कृपया सांगावं.


शनिवार, दुपारी २:०५

> दुसऱ्या दिवशी मोडली की आतून हिरवी दिसतात. बुरशी आहे का?

ताई, बुरशी नाही. खायला काहीच हरकत नाही. सूर्यफुलाच्या बियांमध्ये क्लोरोजेनिक आम्ल असतं. सोड्यामुळे पीठ अल्कधर्मी झालं की या आम्लाची बियांमधल्या प्रथिनांशी प्रक्रिया होते आणि हिरवा रंग येतो. हा रंग बिस्किटं गार होता होता हळूहळू चढतो, म्हणून ट्रे बाहेर काढताना काही दिसत नाही.

तुमचा सोडा फार जास्त झाला. एक छोटा चमचा म्हणजे जवळजवळ ५ ग्रॅम. तो पाव चमच्यावर आणा आणि १ मोठा चमचा (१५ मिली) लिंबाचा रस घाला. पाव चमचा सोडा म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास, आणि १५ मिली रस त्यातला साधारण १ ग्रॅम मारतो. उरलेल्या चिमटीभर सोड्याने रंग फारसा येत नाही, आला तरी किंचित हिरवट झाक असते. कोको घालणार असाल तर साधा घ्या. काळपट 'डच' कोकोवर आधीच अल्कलीची प्रक्रिया केलेली असते, त्याने हिरवेपणा झाकला जातो पण कमी होत नाही.

> खजुराची बिस्किटं डब्यात एका रात्रीत सादळतात

यात तुमचं काही चुकलेलं नाही, खजुराचा स्वभावच तो. दाणेदार साखर पिठात कोरडी जाते, ओव्हनमध्ये वितळते आणि गार झाल्यावर परत कडक होते. बिस्किटाला खुटखुटीतपणा येतो तो तिच्यामुळे. खजुराचा लगदा किंवा सिरप स्वतःबरोबर पाणी घेऊन येतं. मेपल सिरपचा जवळपास एक तृतीयांश भाग पाणीच असतं. शिवाय खजुरातली साखर बहुतेक ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असते, आणि फ्रुक्टोज हवेतला ओलावा ओढतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की खजुराची बिस्किटं करूच नयेत. खजुराच्या वड्या कराव्यात, कारण त्या मऊच अपेक्षित असतात. बिस्किटांना मेपल सिरप.

बिस्किटांचं प्रमाण, साधारण २८ नगांसाठी: ओटचं पीठ २०० ग्रॅम, टॅपिओका स्टार्च ४० ग्रॅम, सुंठ २ छोटे चमचे, दालचिनी १ चमचा, सोडा आणि मीठ पाव-पाव चमचा. हे सगळं कोरडं एकत्र चाळून घ्या. दुसऱ्या भांड्यात सूर्यफुलाच्या बियांचं बटर १२० ग्रॅम, मेपल सिरप १०० ग्रॅम, सूर्यफुलाचं तेल ३० ग्रॅम आणि १ मोठा चमचा लिंबाचा रस फेटा. बटर बिनसाखरेचं हवं, बऱ्याच बरण्यांत साखर असते. दोन्ही एकत्र केलं की गोळा सैल आणि चिकट वाटेल. लगेच वरून पीठ घालू नका. झाकून २० मिनिटं ठेवा, ओट पाणी पितं आणि गोळा आपोआप घट्ट होतो. त्याआधीच पीठ वाढवलं की बिस्किटं घशात बसणारी, कोरडी होतात.

१८-१८ ग्रॅमचे गोळे करून पाऊण सेंटिमीटर जाडीचे चपटे करा. साखर नसल्याने ती ओव्हनमध्ये स्वतःहून पसरत नाहीत. जशी ठेवाल तशीच निघतात. १६० अंश सेल्सिअसला १२ ते १४ मिनिटं. नेहमीच्या १७५-१८० वर भाजू नका, सिरप कडेने करपतं आणि मध्य कच्चा राहतो. बाहेर काढताना बिस्किट मऊ असेल, बोटाने दाबलं तर खड्डा पडेल. तसंच ट्रेवर १० मिनिटं राहू द्या, मग जाळीवर घ्या. पूर्ण गार झाल्यावर ओव्हन १२० वर आणून पुन्हा १५ मिनिटं सुकवलीत तर चांगली कुरकुरीत होतात. सादळलेल्या बिस्किटांनाही हाच उपाय लागू पडतो.

वड्यांसाठी बिया काढलेला २५० ग्रॅम खजूर ८० मिली कडकडीत पाण्यात १५ मिनिटं भिजवा आणि पाण्यासकट वाटा. पाणी ओतून दिलंत तर गोडीही त्याच्याबरोबर गेली. त्यात जाड ओट २०० ग्रॅम, भोपळ्याच्या बिया ८० ग्रॅम, तेल ३० ग्रॅम आणि पाव चमचा मीठ. २० सेंटिमीटरच्या चौकोनी साच्यात कागद घालून मिश्रण वाटीच्या बुडाने जोर लावून दाबा. हलक्या हाताने थापलं तर कापताना भुगा होतो. १६० अंशांवर २५ मिनिटं भाजा आणि पूर्ण गार झाल्यावरच कापा. गरम असताना सुरी घातलीत की खजूर पात्याला चिकटून वडीची कड फाटते.


शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार,

काकूंनी दिलेलं प्रमाण उत्तम आहे. पण या डब्यात धोका असलाच तर तो पाककृतीत नसून पाकिटांत आणि भांड्यांत आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ओटमध्ये गहू मिसळतो, शेतात, वाहतुकीत आणि गिरणीत. सेलिअ‍ॅक असलेल्यांसाठी पाकिटावर ग्लूटेनमुक्त असं स्पष्ट छापलेलेच ओट हवेत, म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन. तेवढ्याने भागेलच असं नाही. काही सेलिअ‍ॅकना ओटमधलं अ‍ॅव्हेनिन हे प्रथिनही सोसत नाही. त्या घरी आधी विचारा. विचारणं शक्य नसेल तर त्यांच्यासाठी ओट नकोतच.

चिरलेला खजूर घेऊ नका. तुकडे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ते बहुतेक वेळा ओटच्या किंवा तांदळाच्या पिठात घोळवलेले असतात. अख्खा खजूर घ्या आणि बिया स्वतः काढा. एखाद्या खजुरात बी राहून गेलं तर मिक्सरचं पातंही जातं आणि दातही.

भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बियांची पाकिटं नीट वाचा. ज्या कारखान्यात सुकामेवा भरतात तिथेच पुष्कळदा बियाही भरतात. सुट्या मालाच्या पिंपातून तर काहीच घेऊ नका, तिथला डाव एका पिंपातून दुसऱ्यात फिरतो.

डार्क चॉकलेट घालायचा मोह टाळा. घटकांत दूध नसलं तरी ते पुष्कळदा मिल्क चॉकलेटच्याच यंत्रांवर बनतं. डब्यावर 'व्हीगन' छापलंय याचा अर्थ दूध मुद्दाम घातलेलं नाही एवढाच. दुधाच्या अ‍ॅलर्जीसाठी ती हमी नाही. 'अंश असू शकतो' ही सूचना बहुतेक देशांत ऐच्छिक असते, त्यामुळे ती छापलेली नाही म्हणून निश्चिंत होता येत नाही. कायद्याची यादीही देशागणिक बदलते. अमेरिकेत तीळ लेबलवर लिहिणं १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं झालं. युरोपीय संघाच्या १४ घटकांच्या यादीत तीळ, मोहरी आणि ल्युपिन आहेत. यातलं ल्युपिन (शेंगदाण्याच्याच कुळातलं एक कडधान्य) विशेष लक्षात ठेवा. ग्लूटेनमुक्त पिठांच्या मिश्रणात ते असतं आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना त्याचाही त्रास होतो.

आता भांडी. लाकडी लाटणं, लाकडी उलथनं आणि जुनी पिठाची चाळणी कपाटातच राहू द्या. लाकडाच्या भेगांतून आणि चाळणीच्या जाळीतून गव्हाचं पीठ धुऊन जात नाही. स्टीलचं भांडं, सिलिकॉनचा चमचा, ट्रेवर कोरा कागद. हात साबणाने धुवायचे. सॅनिटायझरने जंतू मरतात, शेंगदाण्याचं प्रथिन मात्र हातावरच राहतं. आणि भाजल्याने अ‍ॅलर्जी 'जळून जाते' हा समज मनातून काढून टाका. त्या दिवशी घरात गव्हाचं पीठ मळायचं असेल तर ते शेवटी, कारण उडालेलं पीठ बराच वेळ हवेत राहतं आणि मग ओट्यावर बसतं.


रविवार, सकाळी ८:१५

काकू, काका, दोघांचेही आभार. सेलिअ‍ॅकच्या घरी ओट चालत नाहीत, आजच विचारलं. त्यांच्यासाठी दुसरं कोणतं पीठ घेऊ? जवसाचं 'अंडं' लागेल का? आणि तीन डबे टपालाने जायचे आहेत, ते किती दिवस टिकतील?


रविवार, सकाळी ११:३०

ताई, त्यांच्यासाठी ज्वारी घ्या. वरच्या बिस्किटांत २०० ग्रॅम ओटच्या पिठाऐवजी ज्वारीचं पीठ १६० ग्रॅम, टॅपिओका ४० ऐवजी ८० ग्रॅम आणि इसबगोल २ छोटे चमचे. बाकी सगळं तेच. ज्वारीला चिकटपणा नाही, तो इसबगोल देतो. इथे मिश्रण २० ऐवजी ३० मिनिटं भिजू द्या, नाहीतर दाताखाली कणी लागते. ज्वारीत ग्लूटेन नसतं हे खरं, पण ज्या गिरणीत गहू दळतात तिथलंच पीठ असेल तर फायदा शून्य. पाकिटावर ग्लूटेनमुक्त असल्याची खात्री करून घ्या.

जवसाचं 'अंडं' (१ मोठा चमचा जवसपूड, ३ मोठे चमचे पाणी, १० मिनिटं भिजवून) केकला उपयोगी पडतं. इथे बियांचं बटर आणि सिरप बांधायचं काम करतात, त्यामुळे नको. उगाच आणखी पाणी आणि आणखी एक पाकीट तपासायचं काम. या डब्यात घटक जितके कमी तितकं बरं.

टपालाने फक्त दोनदा भाजलेली बिस्किटं पाठवा. घट्ट झाकणाच्या डब्यात ती १० दिवस सहज राहतात. वड्या हातोहात द्या. त्यांच्यात ओलावा आहे आणि साखरेइतकी टिकवणारी गोडी नाही, म्हणून बाहेर ३ दिवस, फ्रिजमध्ये आठवडाभर. आधी करून ठेवायच्या असतील तर फ्रीझरमध्ये दोन महिने चालतात. बाहेर काढल्यावर डबा बंद ठेवूनच गार उतरू द्या, म्हणजे घाम डब्याला बाहेरून सुटतो आणि वड्या कोरड्या राहतात.

बिस्किटं आणि वड्या एकाच डब्यात भरू नका. वड्यांचा ओलावा बिस्किटं ओढून घेतात आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही बिघडतात. कोमट असतानाही भरू नका. झाकणाला आतून वाफ दिसली तर सगळं परत जाळीवर काढा. टपालाच्या डब्यात बिस्किटं आडवी न ठेवता उभी, एकाला एक खेटून लावा आणि फटींत चुरगळलेला बेकिंगचा कागद कोंबा. डबा हलवल्यावर आवाज आला तर अजून जागा आहे असं समजा.


रविवार, दुपारी १:००

चिठ्ठीचं राहिलं. 'अ‍ॅलर्जीमुक्त' असं लिहू नका. घरच्या स्वयंपाकघरातून तसा शब्द देता येत नाही. काय घातलं ते लिहा, प्रत्येक तयार वस्तूच्या पोटातल्या घटकांसकट. उदाहरणार्थ:

'सुंठ बिस्किटं. ज्वारीचं पीठ, सूर्यफुलाच्या बियांचं बटर (फक्त बिया व मीठ), मेपल सिरप, टॅपिओका स्टार्च, सूर्यफुलाचं तेल, लिंबाचा रस, सुंठ, इसबगोल, दालचिनी, खायचा सोडा, मीठ. भाजल्याची तारीख. या स्वयंपाकघरात इतर दिवशी गहू, दूध, दाणे, तीळ वापरले जातात. बिस्किटं आतून किंचित हिरवट दिसू शकतात, तो सूर्यफुलाच्या बियांचा रंग आहे.'

शेवटची ओळ गाळू नका, नाहीतर चांगला खाऊ बुरशी समजून टाकून दिला जाईल. ज्या घरी मधुमेह आहे तिथे चिठ्ठीवर 'साखरविरहित' असंही नको. खजूर आणि मेपल दोन्हींनी रक्तातली साखर वाढते. वड्यांवर 'वरून साखर घातलेली नाही, गोडी खजुराची' आणि बिस्किटांवर 'गोडी मेपल सिरपची' असं लिहिलं की घेणाऱ्याला आपला हिशोब करता येतो.

आणि वापरलेल्या सगळ्या पाकिटांच्या मागच्या बाजूचे फोटो, बॅच क्रमांक दिसेल असे, शेवटचा डबा संपेपर्यंत फोनमध्ये राहू द्या. कुणाला त्रास झालाच तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न नेमकं काय खाल्लं हाच असेल, आणि तेव्हा ही पाकिटं कचऱ्यात शोधायची वेळ यायला नको.