सर्वशक्तिमान देवाला दूतांची गरज का भासावी?

जिज्ञासू :

सध्या मी बायबल सुरुवातीपासून क्रमाने वाचत आहे आणि देवदूतांचा उल्लेख आला की दर वेळी एकाच ठिकाणी अडखळतो. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देव सर्वव्यापी, सर्वज्ञ आणि सर्वशक्तिमान आहे. त्याला काही सांगायचे असेल तर तो थेट माणसाच्या अंतःकरणाशी बोलू शकतो आणि काही घडवायचे असेल तर नुसत्या शब्दाने घडवू शकतो. असे असताना मरीयेकडे गब्रीएलाला का पाठवावे लागले, आणि रिकाम्या कबरेपाशी आलेल्या स्त्रियांना पुनरुत्थानाची वार्ता दूतानेच का सांगावी? राजाला दरबारी लागतात, कारण तो एका वेळी एकाच जागी असतो. देवाला ती अडचण नाही.

याला जोडून आणखी दोन शंका आहेत. प्रत्येक माणसाला एक स्वतंत्र रक्षक दूत नेमून दिलेला असतो, या समजुतीला शास्त्राचा कितपत आधार आहे, आणि असल्यास त्या दूताची प्रार्थना करणे योग्य आहे का? दुसरे असे की, एखादे लहान मूल दगावले की ‘ते आता देवदूत झाले’ असे सांत्वनपर संदेशांत सर्रास लिहिले जाते. ही ख्रिस्ती शिकवण आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

वाटसरू :

शेवटच्या शंकेचे उत्तर सोपे आहे, म्हणून तेवढेच देतो. नाही, ही ख्रिस्ती शिकवण नाही. मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायात येशू म्हणतो की पुनरुत्थानानंतर माणसे लग्न करणार नाहीत, ती स्वर्गातील दूतांप्रमाणे असतील. तेथे दूतांशी तुलना केली आहे, माणसे दूत होतात असे म्हटलेले नाही. पौल तर करिंथकरांना विचारतो की आपण दूतांचा न्याय करणार आहोत हे तुम्हांला ठाऊक नाही काय. माणूस देहासकट माणूस म्हणूनच उठवला जाईल, ही ख्रिस्ती आशा आहे, आणि दूत होणे ही तिच्या वरची पायरी नव्हे. अर्थात शोकाकुल घरात जाऊन हा मुद्दा मांडू नये, हे सांगायला नको.

पानवाचक :

आपल्या मूळ प्रश्नाला परंपरेत निदान दोन वेगवेगळी उत्तरे मिळतात, आणि ती एकमेकांत मिसळू नयेत असे मला वाटते.

त्याआधी स्वरूपाबद्दल थोडे. 1215 च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने असे मांडले की देवाने आत्मिक आणि भौतिक, म्हणजेच दूतांची आणि या दृश्य जगाची, अशा दोन्ही सृष्टी शून्यातून निर्माण केल्या. म्हणजे दूत हे देवाचे अंश नाहीत, धाकटे देवही नाहीत. ते निर्मिलेले आहेत आणि त्या दृष्टीने एखाद्या दगडाइतकेच देवावर अवलंबून आहेत. त्यांना बुद्धी आणि इच्छाशक्ती आहे, देह नाही. तेराव्या शतकातील धर्मपंडित थॉमस अक्वायनस याने हा विचार इतका ताणून धरला की, एका जातीतील अनेक व्यक्ती देहामुळे वेगळ्या ठरतात आणि दूतांना देह नाही, तेव्हा प्रत्येक दूत ही स्वतःच एक जात असली पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला. पतित दूतांना, म्हणजे देवाविरुद्ध गेलेल्या दूतांना, पश्चात्ताप का नाही, याचेही उत्तर तो याच दिशेने देतो : माणूस तुकड्यातुकड्याने समजून घेतो, म्हणून त्याचे मत बदलते, दूत एका दृष्टिक्षेपात सारे जाणून निवड करतो, म्हणून ती निवड कायमची ठरते. (सुईच्या टोकावर किती दूत नाचू शकतात यावर मध्ययुगातील पंडित वाद घालत बसत, ही थट्टा पुढच्या काळातली आहे, त्यांच्या ग्रंथांत तो प्रश्न त्या रूपात आढळत नाही.)

आता गरजेविषयी. देव काही गोष्टी इतरांकरवी करतो तो सामर्थ्य कमी पडते म्हणून नव्हे, तर त्याचा चांगुलपणा ओसंडून वाहतो म्हणून, असे अक्वायनस सांगतो. स्वतःच सारे करणारा देव जगाला केवळ अस्तित्व देईल. पण इतरांच्या हातून करवून घेणारा देव त्यांना अस्तित्वाबरोबर कर्तृत्वाचा मानही देतो. याच न्यायाने शेतकरी पिकवतो, आई मुलाला वाढवते आणि दूत निरोप पोहोचवतो. तेव्हा आपला प्रश्न केवळ दूतांपुरता राहत नाही. देवाला माणसांकडून तरी काही करवून घेण्याची गरज काय, असाही तो विचारता येतो.

दुसरे उत्तर सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्विन याचे आहे आणि ते अधिक घरगुती आहे. देवाला दूतांची गरज नाही, आपल्याला आहे, असे त्याचे म्हणणे. देव रक्षण करील एवढे वचन खरे तर पुरेसे असावे; पण आपण भित्रे आहोत, म्हणून तो आपल्या दुर्बलतेची दखल घेऊन सांगतो की तुमच्याभोवती माझे सैन्य आहे. जुन्या करारातील संदेष्टा अलीशा याचा सेवक सकाळी उठून पाहतो तो नगराला शत्रूच्या घोड्यांचा आणि रथांचा वेढा पडलेला असतो. अलीशा त्याच्यासाठी प्रार्थना करतो, त्याचे डोळे उघडतात, आणि डोंगर अग्नीच्या रथांनी भरलेला त्याला दिसतो. स्वतः अलीशाला ते दृश्य पाहण्याची गरज पडली नव्हती.

मला व्यक्तिशः दोन्ही उत्तरांपेक्षा प्रेषितांच्या कृत्यांतील बारावा अध्याय अधिक बोलका वाटतो. पेत्र तुरुंगात आहे, पहाऱ्याला चार-चार शिपायांच्या चार तुकड्या आहेत, आणि तो दोन शिपायांच्या मधोमध, साखळ्यांनी बांधलेला, चक्क गाढ झोपलेला आहे. दूत येऊन त्याच्या कुशीवर थाप मारून त्याला उठवतो. साखळ्या आपोआप गळून पडतात. पण कंबर बांध, वहाणा घाल, अंगावर वस्त्र घे, हे पेत्राला सांगावे लागते आणि त्यालाच करावे लागते. लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. दोघे एक रस्ता ओलांडतात आणि दूत तेथूनच निघून जातो. निरोप घेणे नाही, नाव सांगणे नाही. पुढे कोणाच्या घरी जायचे हे पेत्र स्वतः ठरवतो. जे पेत्राला अशक्य होते तेवढेच दूताने केले. बायबलमधील बहुतेक दूत असेच वागतात : काम झाले की बाजूला होतात, आणि मागे उरतो तो माणूस आणि देव यांच्यातला व्यवहार. म्हणून दरबारी ही उपमा मला पटत नाही. दरबारी राजा आणि प्रजा यांच्यामध्ये उभा राहतो.

अक्षरयात्री :

पानवाचक यांचे विवेचन आवडले, परंतु प्रोटेस्टंट वाचक म्हणून एक सावधगिरी नोंदवणे आवश्यक वाटते. शास्त्र दूतांविषयी जेवढे सांगते त्याच्या कितीतरी पट अधिक आपण त्यांच्याविषयी रचले आहे. सराफीम, करूबीम या सर्वांत वरच्या दूतांपासून खालच्या दूतांपर्यंत नऊ श्रेणींची जी उतरंड प्रसिद्ध आहे, ती बायबलमध्ये कोठेही सलग दिलेली नाही. पौलाच्या पत्रांत राजासने, अधिपत्ये, सत्ता, अधिकार असे उल्लेख येतात. त्यांना यशया आणि यहेज्केल यांतील दर्शनांची जोड देऊन इसवी सन 500 च्या सुमारास एका लेखकाने ही रचना सिद्ध केली. त्याने स्वतःचे नाव न देता पौलाच्या अथेन्समधील शिष्याचे, दियोनिसियसचे, नाव धारण केले, आणि ते नाव खरे मानले गेल्यामुळे या रचनेला शतकानुशतके जवळजवळ प्रेषितांइतका मान मिळाला. कॅल्विन यावर उपरोधाने लिहितो की हे पुस्तक वाचताना वाटते, हा मनुष्य स्वर्गातून खाली पडला असावा आणि डोळ्यांनी पाहिलेले सांगत असावा. उलट पौल तिसऱ्या स्वर्गापर्यंत जाऊन आला, तरी त्याने तेथील काही सांगितले नाही.

पंखांचेही तसेच. यशयाच्या दर्शनातील सराफीमांना सहा पंख आहेत, पण अब्राहामाकडे आलेले पाहुणे माणसांसारखेच दिसतात आणि झाडाखाली बसून जेवतात. आरंभीच्या ख्रिस्ती चित्रांतही दूत पंखांविना दाखवलेले आढळतात. पंख चौथ्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतात.

प्रार्थनेच्या प्रश्नावर मात्र शास्त्र संदिग्ध नाही. कलस्सैकरांस पत्रात दूतांच्या उपासनेविरुद्ध स्पष्ट इशारा आहे. प्रकटीकरणात योहान दूताच्या पाया पडू पाहतो, एकदा नव्हे तर दोनदा, आणि दोन्ही वेळा दूत त्याला थांबवून सांगतो की मी तुझ्यासारखाच एक दास आहे, देवाला नमन कर. एवढा मोठा प्रेषितही तेथे दोनदा चुकतो, यावरून हा मोह किती सहज होतो हे कळते.

मधला बाक :

मी कॅथलिक आहे आणि अक्षरयात्री यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, याचे कदाचित त्यांना आश्चर्य वाटेल. आराधना केवळ देवाची, यावर आपल्यात मतभेद नाही. आमच्याकडे दूताला जे म्हटले जाते ते ‘माझ्यासाठी देवाकडे विनंती कर, मला सांभाळ’ अशा स्वरूपाचे असते, एखाद्या वडीलधाऱ्या भावंडाला म्हणावे तसे. असे म्हणणे योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ शकतो आणि तो जुना आहे. पण त्याला उपासना म्हणणे रास्त नाही.

कॅथलिक अधिकाऱ्यांनीही या बाबतीत लगाम बराच घट्ट धरला आहे. इसवी सन 745 मध्ये पोप जखऱ्या यांच्या अध्यक्षतेखाली रोम येथे भरलेल्या धर्मसभेने, उरीएल आणि इतर अनेक अपरिचित नावे घेऊन दूतांचा धावा करणारी एक प्रार्थना निषिद्ध ठरवली आणि मीखाएल, गब्रीएल व रफाएल ही तीनच नावे मान्य केली. 2001 मध्ये व्हॅटिकनने लोकभक्तीविषयी काढलेल्या मार्गदर्शिकेतही, या तिघांखेरीज दूतांना नावे देण्याची प्रथा नापसंत केली आहे. त्यामुळे ‘आपल्या रक्षक दूताचे नाव ओळखा’ असे सांगणारे जे साहित्य हल्ली फिरते, त्याला आमच्या शिकवणीत थारा नाही.

रक्षक दूतांचा आधार मुख्यतः मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे : लहानांतील एकालाही तुच्छ मानू नका, कारण स्वर्गात त्यांचे दूत माझ्या पित्याचे मुख सतत पाहतात. शिवाय पानवाचक यांनी सांगितलेल्या प्रसंगाचा पुढचा भाग पाहा. पेत्र दार ठोठावतो, रुदा नावाची मुलगी आवाज ओळखून आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते, आणि आतले लोक म्हणतात, तो पेत्र नव्हे, त्याचा दूत असेल. म्हणजे प्रत्येकाला स्वतःचा दूत असतो ही समजूत त्या पहिल्या मंडळीत होती, एवढे तरी दिसते. तोबीतच्या पुस्तकात रफाएल तरुण तोबीयाला वाटभर सोबत करतो, परंतु ते पुस्तक प्रोटेस्टंट बायबलमध्ये समाविष्ट नाही, म्हणून त्यावर येथे भर देत नाही. रक्षक दूतांचा सण 2 ऑक्टोबरला असतो.

जिज्ञासू :

सर्वांचे आभार. दरबाराची उपमा मी मागे घेतो. पण बारावा अध्याय आपण सुचवल्यावर पुन्हा वाचला आणि त्याच्या आरंभीच अडकलो. हेरोद योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने ठार मारतो, असे तेथे एका वाक्यात सांगून लेखक पुढे जातो. पेत्रासाठी दूत आला. याकोबासाठी का आला नाही? तोही प्रेषितच होता. रक्षक दूत असतील तर त्यांच्या रक्षणाचा अर्थ काय समजायचा?

पानवाचक :

त्या अध्यायात याचे कारण दिलेले नाही, आणि ते पुरवण्याचा प्रयत्न करणाऱ्या भाष्यांवर माझा फारसा विश्वास नाही. मंडळी पेत्रासाठी एकाग्रतेने प्रार्थना करत होती असे तेथे लिहिले आहे. त्यावरून याकोबासाठी कोणी प्रार्थना केली नसेल असा तर्क काढणे अन्यायाचे ठरेल. अध्यायाच्या शेवटी परमेश्वराचा दूत त्याच हेरोदावर प्रहार करतो आणि तो मरतो, पण त्याने याकोब परत येत नाही.

मात्र रक्षणाकडे हमी म्हणून पाहणे बायबलला मान्य नाही, हे ठामपणे म्हणता येते. तुझा पाय दगडावर आपटू नये म्हणून देव आपल्या दूतांना आज्ञा देईल, हे एक्याण्णवाव्या स्तोत्रातील वचन शुभवर्तमानात कोण उद्धृत करते ते पाहा. मंदिराच्या शिखरावर येशूला उभे करून, उडी टाक म्हणणारा सैतान ते करतो. वचन खरे आहे, पण त्याची परीक्षा घेण्यासाठी उडी टाकणे येशू नाकारतो. पुढे अटकेच्या रात्री तो सांगतो की मागितल्यास पिता मला दूतांच्या बारा सैन्यांहून अधिक पाठवील, आणि ते मागत नाही. त्याच रात्री बागेत एक दूत आल्याचे लूक नमूद करतो (काही प्राचीन हस्तलिखितांत ही वचने नाहीत), आणि तो दूत येऊन संकट टाळत नाही, केवळ बळ देतो. तेव्हा दूताचे काम देवाने ज्यासाठी पाठवले तेवढेच. कधी ते तुरुंगाचे दार उघडणे असते, कधी दार बंद राहूनही माणसाने टिकून राहणे असते.

अक्षरयात्री :

मार्टिन ल्यूथरने 1529 च्या लघु प्रश्नोत्तरीत रोज सकाळ-संध्याकाळ म्हणायची जी प्रार्थना दिली आहे, तिच्यात ‘तुझा पवित्र दूत माझ्याबरोबर असो’ अशी विनंती आहे. ती देवाला केलेली आहे, दूताला नाही. मधला बाक यांना आणि मला दोघांनाही ती म्हणता येईल.

आपण क्रमाने वाचत आहात, तेव्हा दानीएलाच्या दहाव्या अध्यायात आणखी एक अवघड जागा येईल. तेथे दानीएलाची प्रार्थना पहिल्याच दिवशी ऐकली जाते, पण उत्तर घेऊन निघालेल्या दूताला पारसाच्या राज्याचा अधिपती एकवीस दिवस अडवून धरतो आणि मीखाएल मदतीला आल्यावरच तो पोहोचतो. सर्वशक्तिमान देवाच्या दूताला कोणी अडवू शकते, याचा अर्थ लावताना भाष्यकारांत फार मोठी फाटाफूट आहे, आणि त्यासाठी स्वतंत्र धागा काढलेला बरा.