मदत हवी आहे : गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना पॅरासिटामॉलचा परिणाम लवकर ओसरतो का?

माझे वय 23, वजन 46 किलो आहे. परवा उजवी अक्कलदाढ काढल्यापासून 650 मिलिग्रॅमच्या पॅरासिटामॉलने जेमतेम साडेतीन तास आराम मिळतो. दोन वर्षांपूर्वी डावी काढली तेव्हा हीच गोळी सहा तास पुरत असे. फरक एवढाच, की आता इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत, आणि त्यांमुळे यकृतातील ग्लुकुरोनिडेशन (औषध शरीराबाहेर टाकण्याजोगे करणारी प्रक्रिया) वाढून पॅरासिटामॉलचा निचरा लवकर होतो, असे वाचनात आले. बर्फाचा शेक घेऊन झाला. आयबुप्रोफेनने पित्त खवळते; मद्य घेत नाही; यकृताचा आजार नाही. दिवसाची 4 ग्रॅमची कमाल मर्यादा ठाऊक आहे, मात्र माझ्या वजनाला तीही जास्तच वाटते. अशा स्थितीत दोन गोळ्यांमधले अंतर चार तासांवर आणणे सुरक्षित आहे, की दंतवैद्यांकडे दुसऱ्या औषधाचा विषय काढावा?