शब्दचर्चा : हीटिंगच्या पंपाचं ‘हेड’ म्हणजे उचल का?

प्रश्न : जर्मनीतल्या तीन मजली घरातल्या सेंट्रल हीटिंगचा पंप बदलायचा आहे. जुन्याच्या पाटीवर ‘२५-६० १८०’ लिहिलंय. ६० म्हणजे ६ मीटर हेड असेल, तर ९ मीटर उंचीच्या घरात पाणी वर चढतं कसं? आणि ‘हेड’ला मराठीत ‘उचल’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर : ‘उचल’ इथे नको, त्या शब्दानेच पंप चुकीचा निवडला जाईल. विहिरीवरचा पंप पाणी वर आणून मोकळं सोडतो, म्हणून त्याला सगळी उंची चढवावी लागते. हीटिंगचं चक्र बंद असतं. चढत्या नळीतल्या पाण्याचं वजन उतरत्या नळीतलं पाणी तोलून धरतं. पंपाला फक्त नळ्या, जोड आणि व्हॉल्व्ह यांतला विरोध जिंकायचा असतो. लिहिताना ‘हेड’च ठेवा, मीटरमध्ये सांगितलेला दाब असा खुलासा करा, १ मीटर म्हणजे साधारण ०.१ बार.

उंचीचा संबंध येतो तो पाणी भरण्याच्या दाबाशी. ९ मीटरला ०.९ बार, आणि त्यात आणखी ०.३ ते ०.५ बार मिळवायचे. हा दाब कमी पडला तर वरच्या रेडिएटरमध्ये (खोली तापवणाऱ्या, गरम पाणी फिरणाऱ्या पत्र्यात) हवा साठते, आणि लोक उगाच मोठा पंप आणतात.

पाटीवरचं २५ हे तोंडाचं नाममात्र माप मिलिमीटरमध्ये, ६० हे डेसिमीटरमध्ये कमाल हेड, १८० ही दोन तोंडांमधली लांबी मिलिमीटरमध्ये. १३० लांबीचेही पंप मिळतात, म्हणून मोजूनच घ्या.

दुसरं उत्तर : हिशोबही करून बघा. प्रवाह (घनमीटर प्रति तास) = किलोवॅट ÷ (१.१६ × जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक). १२ किलोवॅटला २० अंश फरक धरला तर ०.५२, फरशीखालच्या हीटिंगला ५ अंशच फरक धरला तर २.०७, म्हणजे चौपट. हेडसाठी सर्वांत लांब फेरा घ्या : जाऊन-येऊन ४० मीटर, दर मीटरला १५० पास्कल, म्हणजे ६ किलोपास्कल. वळणांसाठी त्याच्या निम्मे, थर्मोस्टॅट व्हॉल्व्हसाठी १०. एकूण १९ किलोपास्कल, म्हणजे ०.१९ बार, म्हणजे जेमतेम २ मीटर. अशा घराला २५-४० पुरतो. जास्त ताकदीचा लावला की अर्धवट मिटलेले व्हॉल्व्ह शिट्टी वाजवतात. रेडिएटरला प्रवाहानुसार बदलणारा दाब, फरशीखालच्या नळ्यांना स्थिर दाब निवडा.

बसवताना पंपाचा आस (आतला फिरणारा दांडा) आडवाच हवा. बेअरिंगना वंगण पाण्याचंच असतं. आस उभा ठेवला तर वर हवा अडकून बेअरिंग झिजतात.

तिसरं उत्तर : दुकानातल्या शब्दाबद्दल. मराठीत ‘अभिसरण पंप’ छान आहे, रक्ताभिसरणामुळे अर्थ लगेच कळतो. पण जर्मनीत ‘त्सिर्कुलात्सिओन्सपुंपे’ मागाल तर बहुधा नळाच्या गरम पाण्याचा पंप हातात पडेल. हीटिंगचा तो ‘उमवेल्त्सपुंपे’. अदलाबदल करू नका : हीटिंगच्या पंपाचं अंग सहसा बिडाचं असतं, आणि नळाच्या ताज्या, प्राणवायू असलेल्या पाण्यात ते गंजतं. तिथे कांस्य किंवा स्टेनलेस स्टीलच लागतं.