अनुभव धागा: गाझाच्या युद्धाच्या काळात तुम्ही स्वतः काय पाहिलंत?

हा धागा काढायचं कधीपासून मनात होतं पण हात धजत नव्हता. एकच विनंती, इथे चॅनलवरचे वाद आणि फॉरवर्ड नकोत, ते सगळ्यांनी वाचलेत. तुम्ही स्वतः पाहिलंत, ऐकलंत, केलंत किंवा करायचं राहून गेलं तेवढंच लिहा. सुरुवात मी करते.

एप्रिल २०२४ मध्ये मी न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीत मास्टर्सच्या शेवटच्या सेमिस्टरला होते. १७ तारखेला पहाटे मुलांनी बटलर लायब्ररीसमोरच्या हिरवळीवर तंबू ठोकले, मुख्य मागणी ही की युनिव्हर्सिटीने इस्रायलच्या युद्धाशी जोडलेल्या कंपन्यांतून आपला पैसा काढावा. दुसऱ्याच दिवशी पोलिस आले आणि शंभरावर मुलांना हात मागे बांधून घेऊन गेले. मला वाटलं संपलं, तर लगेच शेजारच्या हिरवळीवर नवे तंबू! मी आत पाऊल टाकलं नाही. स्टुडंट व्हिसा, कर्ज, त्या कर्जाला तारण ठेवलेला बाबांचा फ्लॅट, सगळं डोळ्यांसमोर यायचं. रोज कडेकडेने जायचे फक्त. २२ तारखेला ज्यूंच्या पासओव्हरची पहिली रात्र, तेव्हा त्या तंबूंमध्येच ज्यू मुलांनी सेडरचं, म्हणजे त्या रात्रीच्या विधीचं जेवण मांडलं होतं, एकीने कडेला उभी पाहून मला मात्झाचा, म्हणजे त्यांच्या बिनखमिराच्या रोटीचा तुकडा दिला, पापडासारखा कडक आणि अगदी अळणी. आणि त्याच आठवड्यात माझ्या वर्गातली दुसरी ज्यू मुलगी गेटबाहेर कुणीतरी ओरडून बोललं म्हणून बॅग भरून घरी निघून गेली, तिला मी बसपर्यंत सोडायला गेले होते. दोघींचं खरं होतं. ३० एप्रिलला मुलांनी हॅमिल्टन हॉलचा ताबा घेतला आणि त्यावर ‘हिंद्स हॉल’ असा बॅनर सोडला, गाझात गाडीत अडकून फोनवर मदत मागत राहिलेल्या हिंद रजब या चिमुरडीच्या नावाचा. रात्री पोलिस ट्रकवरच्या शिडीने खिडकीतून आत शिरले. १९६८ मध्येही ३० एप्रिललाच याच इमारतीतून व्हिएतनाम युद्धाच्या वेळच्या मुलांना पोलिसांनी बाहेर काढलं होतं. मी रूमवर बसून लाइव्ह पाहत होते, दहा मिनिटांच्या अंतरावर. ते अजून टोचतं.

---
इस्रायलमध्ये होतो, आता पुण्यात

७ ऑक्टोबर २०२३ ला रेहोवोतला होतो, पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन करायला. शनिवार, त्यात सणाचा दिवस, सकाळी साडेसहाला सायरन. आमच्या बिल्डिंगला सेफ रूम नाही, म्हणून सगळे जिन्यात. माझ्या पायरीवर शेजारी जाफाचा एक अरब पीएचडीवाला बसला होता, रॉकेट गाझातून येत होती आणि हा गाझातल्या मावशीला फोन लावत होता की आता तुमच्यावर काय येणार. वरच्या पायरीवरच्या काकू सारख्या मोबाईल बघत होत्या, त्यांचा भाचा गाझाच्या सीमेजवळ नोव्हा या म्युझिक फेस्टिवलला गेला होता. तो परत आला नाही. त्या दिवशी हमासच्या हल्ल्यात १२०० च्या आसपास माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. मी ऑपरेशन अजयच्या, म्हणजे भारत सरकारने माणसं परत आणायला पाठवलेल्या विमानाने आलो. इथे आल्यावर जो तो विचारायचा, काय रे, कोण बरोबर? मला तो जिनाच आठवतो, आणि लोकांना जिन्याचं ऐकायचं नसतं.

---
अश्दोदहून (इस्रायल)

माझं वय ७१, मराठी कीबोर्ड नातवाने लावून दिलाय, चुका सांभाळून घ्या. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली, अलिबागकडचे. मी लहान असताना आम्ही इथे आलो. तेव्हा इथले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, म्हणायचे की तुमच्याशी लग्न लावायचं तर आधी तुमच्या पूर्वजांची चौकशी करू, तुम्ही पक्के ज्यू कशावरून? १९६४ मध्ये आमची माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, माझे वडील त्यात होते, शेवटी सरकारला ऐकावं लागलं. त्या दिवशी आईने मलिदा केला होता, पोहे, गूळ, ओलं खोबरं, आणि आम्ही तो साऱ्या आळीला वाटला. आता माझी नात शनिवारी रात्री तेल अवीवला गाझातल्या मेलेल्या मुलांचे फोटो हातात धरून मुकाट उभी राहते, येणारेजाणारे तिच्यावर थुंकतात. नातू सैन्याच्या रिझर्व्हमध्ये, दोनदा गाझात जाऊन आला. शुक्रवारी दोघं माझ्याच टेबलावर जेवतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. नातवासाठी जीव तुटतो माझा. पण माझ्या वडिलांवर गेली आहे ती नातच.

---
डब्लिन

मावशी, वाचून गलबलून आलं. आमच्या ट्रिनिटी कॉलेजात मे २०२४ मध्ये मुलांनी कॅम्प टाकला आणि बुक ऑफ केल्स ही जुनी हस्तलिखित पोथी बघायला येणाऱ्या टुरिस्टांचा रस्ता अडवला, म्हणजे कॉलेजच्या कमाईवरच हात. पाच दिवसांत कॉलेजने मान्य केलं की युनोच्या यादीतल्या, व्यापलेल्या भागात धंदा करणाऱ्या इस्रायली कंपन्यांतली गुंतवणूक काढू. मी फक्त डाळभात शिजवला आणि नेऊन दिला, मोठ्या पातेल्यात, चाळीस एक जणांचा.

---
नागपूर

मी ६५ वर्षांचा, मुलगी अमेरिकेत पीएचडी करते. कॉलेजचं नाव सांगत नाही. मार्च २०२५ मध्ये तिकडे परदेशी मुलांची धरपकड सुरू झाली तसा मी घाबरलो आणि फोन करून म्हणालो, बेटा, गाझाच्या सगळ्या पोस्ट काढून टाक, तू परक्या देशात आहेस. ती गप्प राहिली, मग एवढंच म्हणाली, बाबा, तुम्ही लाँग मार्चला निघालात तेव्हा आजोबा काय म्हणाले होते? १९७९ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी मी इथूनच चालत निघालो होतो, रस्त्यात अटक झाली, परीक्षा बुडाली. वडील गिरणीत होते, त्यांनी मला अडवलं नाही, नवीन चपला घेऊन दिल्या होत्या. हे मीच तिला लहानपणी दहादा सांगितलेलं. मला काही बोलता आलं नाही, फोन ठेवला. तिने पोस्ट काढल्या, माझ्यासाठी. महिनाभर आमचं नीट बोलणं नव्हतं. मागच्या रविवारी तिने व्हिडिओ कॉलवर विचारलं, बाबा, त्या चपला आहेत का अजून? मी माळ्यावर शोधतोय.