विंटरायझिंगला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: आउटबोर्ड मोटारीच्या, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसवतात त्या मोटारीच्या, माहितीपुस्तिकेचं मराठी करते आहे. एका अख्ख्या प्रकरणाचं नाव 'विंटरायझिंग' आहे, म्हणजे हिवाळ्यात मोटार बंद ठेवण्याआधी तिची करायची तयारी. तूर्त 'हिवाळीकरण' लिहिलंय, पण वाचताना अडखळायला होतं. 'फॉगिंग'ला धुरळणी, 'मफ्स'ला कानपट्ट्या आणि 'स्टॅबिलायझर'ला स्टॅबिलायझरच ठेवलंय. आउटबोर्डला 'बाह्यस्थ' म्हणू का?

उत्तर: आउटबोर्ड तसंच ठेवा, ते रुळलेलं आहे. 'हिवाळीकरण' मात्र काढाच. विद्युतीकरण म्हणजे वीज आणणं. त्याच चालीवर हिवाळीकरण म्हणजे हिवाळा आणणं होईल. इथे मोटार हिवाळ्यापासून वाचवायची आहे.

शिवाय त्या प्रकरणातली सगळी कामं थंडीची नसतात. थंडीचा धोका पाण्यामुळे. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, आणि गिअरच्या कवचात अडकलेलं असेल तर ते कवच तडकतं. पण पेट्रोल शिळं होऊन कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरणं, सिलिंडर आतून गंजणं, खाऱ्या पाण्याचं मीठ वाटांमध्ये साचणं हे मोटार महिनोन्‌महिने बंद राहिली की कुठल्याही ऋतूत होतं. म्हणून शब्द 'ठेवणी'वरून घ्यावा असं मला ठामपणे वाटतं. ठेवणीत टाकायची वस्तू आपण धुऊनपुसून, पुन्हा काढली की लगेच वापरता येईल अशी ठेवतो. शीर्षक करा: 'हिवाळ्यासाठी मोटार ठेवणीत टाकताना'.

दुसरं मत: 'शाकारणे' का नको? पावसाळ्याआधी होड्या शाकारतात, शब्द आयता आहे आणि पाण्याशी नातं सांगणारा आहे.

उत्तर: शब्द सुंदर आहे, पण त्यात झाकण्याचा अर्थ पुढे येतो. झाकणं हे इथलं शेवटचं आणि सगळ्यांत सोपं काम. होडीपुरता 'शाकारणे' जरूर वापरा; मोटारीला तो पुरत नाही.

आता बाकीचे शब्द. 'धुरळणी' म्हणजे भुकटी उडवणं, पिकावर करतात ती. फॉगिंगमध्ये मोटार चालू ठेवून हवा आत जाते तिथून तेलाचा फवारा देतात, मागून दाट धूर येऊ लागतो आणि मग मोटार बंद करतात. किंवा स्पार्क प्लग काढून त्या भोकांतून फवारतात आणि फ्लायव्हील, म्हणजे मोटारीचं जड चाक, हाताने फिरवतात, म्हणजे तेल सगळीकडे पसरतं. धूर ही फक्त खूण आहे. हेतू आहे सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा पातळ थर बसवण्याचा. मी 'सिलिंडरला आतून तेलाचा हात द्या' असं लिहीन. डब्यावरचं 'फॉगिंग ऑइल' हे नाव मात्र तसंच राहू द्या, दुकानात तेच मागावं लागतं.

'स्टॅबिलायझर' वाचून आपल्या वाचकाला विजेच्या दाबाचा डबा आठवतो. 'पेट्रोल टिकवणारं द्रव्य' म्हणा. ते टाकीत घातल्यावर मोटार दहाएक मिनिटं चालवायची असते, नाहीतर ते टाकीतच राहतं आणि कार्ब्युरेटरमध्ये जुनंच पेट्रोल उरतं. ही मोटार पाण्याबाहेर चालवायला लागतात ते 'मफ्स'. कानपट्ट्या नकोत; पाणी ओढायच्या झरोक्यांवर बसणाऱ्या त्या रबरी वाट्या आहेत, त्यांना नळी जोडतात. 'पाणी सुरू केल्याशिवाय मोटार चालू करू नका' हे वाक्य ठळक करा. आतल्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चाक, रबरी असतो, कोरडा फिरला की बघता बघता खराब होतो.

तिसरं मत: मी बोटीच्या आतल्या इंजिनांवर काम करतो. आमच्याकडे विंटरायझिंग म्हटलं की अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारं द्रव्य, भरणं हेच डोळ्यांपुढे येतं. तो अर्थ शीर्षकात यायला हवा ना?

उत्तर: आतल्या इंजिनाला हवा, आउटबोर्डला नको. आउटबोर्ड सरळ ठेवली की मोटार थंड ठेवणारं पाणी आपसूक निथळतं, अँटीफ्रीझ भरायची गरज सहसा पडत नाही. आणि इथेच मराठीत मोठी फसगत आहे. 'मोटार उभी ठेवा' लिहिलंत तर वाचणारा 'गाडी उभी केली'सारखा अर्थ घेईल आणि ती तिरकी उचललेलीच ठेवून जाईल. 'पंखा खाली, दांडा सरळ, अशी ठेवा' असं फोडून लिहा. तिरक्या मोटारीत पाणी राहतं, आणि राहिलं तर गोठतं.

प्रश्न: पटलं. गिअर ऑइलबद्दल मी असं लिहिलंय: 'जुने तेल काढा, दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे समजावे व सील तपासून घ्यावे. मग नवे तेल ओता.' ठीक आहे?

उत्तर: 'दुधाळ' अगदी नेमका. 'ओता' बदला. ओतणं वरून खाली असतं. हे तेल खालच्या भोकातून पंपाने चढवतात, वरच्या भोकातून हवेचे बुडबुडे न येता तेल बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि भरलंय असं वाटूनही कमी राहतं. 'खालून चढवा' लिहा. त्यापुढे क्रमही द्या: आधी वरचा स्क्रू लावा, मग पंप काढून लगोलग खालचा. दोन्हींचे वॉशर नवे.

जाता जाता, पंखा काढून त्यामागच्या दांड्याला गुंडाळलेला मासेमारीचा दोरा बघायला सांगणारं वाक्य पुस्तिकेत असेल तर ते गाळू नका. सील बहुधा त्यानेच कापलं जातं.