पहिलं मराठी गाणं स्वतःच रिलीज करतोय, ऐकणारे कसे जमवायचे?

रानवारा:
चार मूळ गाणी तयार आहेत, लेबल नाही. महिन्याभरात पहिलं स्पॉटिफाय आणि यूट्यूबवर आणायचंय. पैसे घेऊन दहा हजार स्ट्रीमची हमी देणारी एक प्लेलिस्ट मिळतेय. घ्यावी का? एक गाणं तुकोबांच्या अभंगावर आहे, त्याला परवानगी लागेल का?

षड्ज:
हमीवाली प्लेलिस्ट नकोच. बॉटने वाजवलेले स्ट्रीम सापडले की स्पॉटिफाय ते मोजणीतून काढतं, डिस्ट्रिब्युटरला (आपलं गाणं स्पॉटिफाय-यूट्यूबवर पोचवणारी कंपनी) दंड लावतं. तो दंड तुमच्यावर येतो, गाणंही उतरवलं जाऊ शकतं.

चारही गाणी एकदम सोडू नका, पाच-सहा आठवड्यांनी एकेक काढा. फाइल तीन-चार आठवडे आधी डिस्ट्रिब्युटरकडे द्या. मग स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स या कलाकारांसाठीच्या पानावरून पिच करा, म्हणजे गाणं त्यांच्या प्लेलिस्ट-संपादकांना सुचवा; भाषा मराठीच निवडा. रिलीजच्या किमान ७ दिवस आधी पिच गेलं, तर फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये (नव्या गाण्यांची आपोआप बनणारी प्लेलिस्ट) तेच गाणं येतं. घाईत आदल्या दिवशी अपलोड केलं की ही संधी हुकते, आणि ती पुन्हा मिळत नाही.

सुरुवातीला कमाईकडे पाहू नका. १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय स्पॉटिफाय त्या गाण्याची रॉयल्टी देत नाही. किती जणांनी गाणं सेव्ह केलं, ते बघा.

मध्यलय:
यूट्यूबवर डिस्ट्रिब्युटरकडून गेलेलं गाणं वेगळ्या 'टॉपिक' चॅनेलवर दिसतं आणि श्रोते विभागले जातात. डिस्ट्रिब्युटरकडूनच ऑफिशियल आर्टिस्ट चॅनेलची मागणी करा, टॉपिक आणि तुमचं चॅनेल दोन्ही एकत्र येतात. कंटेंट आयडी (तुमचं गाणं वापरणारे व्हिडिओ आपोआप शोधणारी यूट्यूबची यंत्रणा) घेणार असाल तर आधी स्वतःचं चॅनेल त्यातून वगळायला सांगा, नाहीतर तुमच्याच व्हिडिओवर क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, येईल. गाण्यात विकतचा बीट किंवा लूप असेल तर कंटेंट आयडी लावूच नका. तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्यांवर क्लेम जातात आणि भांडण तुमच्या दारात येतं.

शीर्षक देवनागरी आणि रोमन दोन्हीत द्या, बरेच जण रोमनमध्येच शोधतात. रीलला प्रस्तावना नको, थेट मुखडा.

व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांपर्यंत पोचते. अनोळखी श्रोत्यांसाठी व्हॉट्सॲप चॅनेल सुरू करा आणि लिंक प्रत्येक व्हिडिओखाली द्या.

षड्ज:
अभंगाचं राहिलं. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, त्यामुळे तुकोबांचे शब्द खुले आहेत. चाल मात्र तपासा. कानात बसलेली चाल बहुतेकदा विसाव्या शतकातल्या कुणा संगीतकाराची असते, तिचे हक्क जिवंत असू शकतात. चाल तुमचीच असेल तर गीतकार 'संत तुकाराम', संगीतकार म्हणून तुमचं नाव भरा आणि आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घेऊन गाणं तिथे नोंदवा.